आम्ही लावलेले निळे दिवे

...आणि म्हणे मी दुष्ट. बावीस वर्षं चष्म्याच्या दुकानात पुढच्या काउंटरला उभा आहे मी, दुष्ट माणूस तिथं बावीस मिनिटं तरी टिकेल का, तुम्हीच सांगा. लोक येतात, आपापला चेहरा घेऊन येतात, त्याच्यावर फ्रेम चढवतात आणि मला विचारतात, "कसा दिसतोय हो?" आणि मी, तुम्हाला सांगतो, बावीस वर्षांत एकदाही खरं उत्तर दिलेलं नाही. ह्याला दुष्टपणा म्हणतात? पण नाही. आठ दिवस झाले, दुकानात माझ्याशी कोणी धड बोलत नाही. मालक समोरून आले की खिसे चाचपायला लागतात, डोळे तपासणाऱ्या बाई "पुढचा पाठवा" एवढंच म्हणतात आणि तेही भिंतीकडे बघून, आणि झाडायला येणाऱ्या मावशींनी तर परवा सरळ माझ्या पायांवरून झाडू नेला, मी पाय उचलेपर्यंत थांबल्यासुद्धा नाहीत. का, तर म्हणे मी मागचीला रडवलं. आता ती रडली की नाही हे कोणी बघितलंय? पार्टिशनच्या आड होती ती. आणि जे काही बोललो, ते मी तिच्या चांगल्यासाठीच बोललो.

मागची कोण, ते आधी सांगतो, नाहीतर तुम्हीही परस्पर निकाल लावून मोकळे व्हाल. आमच्या दुकानाचे दोन भाग. पुढं काचेची कपाटं, झगझगीत दिवे, चोवीस आरसे, पुरुषांच्या फ्रेमींना मी आणि बायकांच्या फ्रेमींना एक होती, ती पुढची. मागं प्लायवूडचं पार्टिशन, त्याच्या आड काच घासायचं मशीन, पाण्याची बादली, एक स्टूल आणि ही. अकरा वर्षं. नाव आहे तिला, नसायला काय झालं, पण "हे मागचीकडे द्या", "ते मागचीला विचारा" असं म्हणता म्हणता ती मागचीच झाली. कामाला मात्र तोड नाही. स्वतःच्या डोळ्यांना नंबर शून्य, नजर अशी की काचेतला केसाएवढा ओरखडा मशीन सुरू असताना दिसतो. पार्टिशनला वीतभर खिडकी आहे, तिच्यातून हात बाहेर येतो, तयार चष्मा ठेवतो, आत जातो. हात देखणा, खोटं कशाला बोलू. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "काय सुरेख हात आहे हो, कोण आहेत या?" मी म्हटलं, "साहेब, हातावरच थांबा." दुकान हसलं. तीही हसली असणार, आतून काहीतरी आवाज आला होता.

कारण चेहरा. चौदाव्या वर्षी मुरूम आले ते छत्तिसाव्या वर्षीही मुक्कामाला. आता आपल्या भाषेत रस्त्यावर पसरतात तोही मुरूम आणि तोंडावर येतो तोही मुरूम, हे कोणी ठरवलं मला माहीत नाही, पण ठरवताना त्याच्यासमोर हीच बसलेली असणार. रोलर तेवढा फिरायचा राहिला होता. हे मी तिला तोंडावर कधी बोललो नाही हं... एकदाच बोललो. तेही हसवायला.

तर झालं काय, पुढचीच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती गेली. मालक डोकं धरून बसले, आता बायकांच्या काउंटरला कोण बसवायचं? तेवढ्यात पार्टिशनचं दार उघडलं. अकरा वर्षांत कामाच्या वेळेला ते दार आतून उघडलेलं मी पाहिलं नव्हतं. बाहेर आली, ओले हात एप्रनला पुसत, आणि म्हणाली, "मी बसू का पुढं?"

मालकांचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही. मालक माणूस चांगला, कुणाला नाही म्हणता येत नाही त्यांना, म्हणून ते नेहमी हो म्हणतात आणि मग पुढं असं काही बोलतात की नाही बरं वाटावं. म्हणाले, "बस की, बस की. तुझंच दुकान आहे. फक्त कसं आहे ना, पुढं आरसे आहेत गं चोवीस. गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघायला येतं... मध्ये तू दिसलीस तर... म्हणजे तू समजतेस ना? चेहऱ्याचं काहीतरी कर. दीड महिना जागा तुझ्यासाठी ठेवतो." ती म्हणाली, "बरं." आणि आत गेली आणि मशीन सुरू केलं.

दुपारी डबा खाताना मी विचारलं तिला. आमचे डबे एकत्र असतात, तिच्याशी बोलणारा दुकानात मी एकटा, हेही लक्षात घ्या जरा. म्हटलं, कशाला पाहिजे तुला पुढं? उभं राहून पाय दुखतात, लोक डोकं खातात. तर म्हणाली, "दादा, माणूस नवा चष्मा पहिल्यांदा घालतं आणि त्याला स्पष्ट दिसतं, तेव्हा त्याचं तोंड कसं होतं हो?" मी म्हटलं, म्हणजे? म्हणाली, "अकरा वर्षं मी काचा करतेय. एकाचंही तोंड बघितलेलं नाही मी. त्यांना पहिल्यांदा जे दिसतं ते तुम्ही दिसता. मला एकदा ते बघायचंय." मी म्हटलं, त्यात काय बघायचंय, पहिलं वाक्य "दांडी कानाला टोचतेय" हेच असतं. ती डब्याचं झाकण लावत बसली. मला वाईट वाटलं. वाटतं हो मलाही. म्हणून मीच सुचवलं की आपल्या समोरच्या इमारतीत, बुटांच्या दुकानाच्या वर, त्वचेच्या डॉक्टरीणबाई आहेत, बाहेर पाटी आहे, 'निळ्या प्रकाशाने मुरुमांवर उपचार'. गोळ्या नाहीत, मलम नाही, नुसतं दिव्याखाली पडून राहायचं. जा म्हटलं. गेली. कोणी पाठवली? मी. कशासाठी? तिच्या चांगल्यासाठीच ना?

आता ऐका, डॉक्टरीणबाईंनी भिंग लावून तिचा चेहरा बघितला, बराच वेळ बघितला, आणि म्हणाल्या, "ह्या तारुण्यपीटिका आहेत." ही म्हणाली, "डॉक्टर, मी छत्तीस वर्षांची आहे." तर त्या म्हणतात, "हो, पण नाव तेच आहे." काय माणसं असतात. म्हणजे तारुण्य येऊन गेलं, हिला कळवलंसुद्धा नाही, आणि सामान तेवढं हिच्याकडे ठेवून गेलं. मग सांगितलं की ह्या फोडांतल्या जंतूंना निळा प्रकाश सोसत नाही, आठवड्यातून दोनदा यायचं, वीस-वीस मिनिटं, सहा आठवडे. घरी आईला सांगितलं तर आई म्हणाली, "दिव्याखाली राहून रूप आलं असतं तर आपल्या कोपऱ्यावरच्या खांबाला एव्हाना स्थळं आली असती." आई बरं का ही, सख्खी. आणि दुष्ट कोण? मी.

खोली एवढीशी. एक खाट, तिच्यावर लोंबणारी दिव्यांची पाटी, आणि दिवा लावायला एक मुलगी, तिला ही लाइटवाली म्हणायची. लाइटवालीचं पाठ झालेलं, "डोळे मिटायचे ताई, गॉगल लावायचा, हलायचं नाही, बोलायचं नाही, शिंक आली तर आधी सांगायचं." अहो, शिंक आधी कशी सांगणार? पण ते जाऊ दे. सगळा घोळ पुढं त्या गॉगलने केला. पहिल्या दिवशी परत आली ती धुमसतच. मला वाटलं चेहरा भाजला की काय. तर नाही. "दादा, काय तो गॉगल. नाकापाशी बोटभर फट. इलास्टिक लोंबतंय. वीस मिनिटं सगळं निळं निळं आत येत होतं. असा चष्मा मी कुणाच्या नाकावर दिला असता ना, तर मालकांनी दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं." तिसऱ्या दिवशी डबा खाताना पुन्हा तेच. तिला तिच्या चेहऱ्याची एवढी चिंता नव्हती हो, जेवढी त्या फटीची. शेवटी मी म्हटलं, अगं बाई, मग तुझा तू कर ना एक, कारागीर आहेस की गवार निवडणारी?

हे मी बोललो. मान्य. पण तुम्हीच सांगा, ह्यात काय चुकलं?

तिने केला. आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी तपकिरी रंगाच्या दोन फ्रेमी आल्या होत्या, बशीएवढ्या काचा, दोन बोटं रुंद दांड्या, कोणी हात लावत नव्हतं. त्यातल्या एकीची बिजागरी तुटून ती भंगाराच्या डब्यात पडली होती. तीच हिने घेतली. बिजागरी बसवली, काचांच्या जागी काळे पत्रे घातले, आतून कडेकडेने रबर लावलं, नाकाचं माप घेतलं, गालाचं घेतलं, कानापर्यंत दांडी अशी बसवली की खाली कागद सरकू नये. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत घासत होती. मी घालून बघितला, तुम्हाला सांगतो, भर दुकानात चोवीस आरशांसमोर ठार काळोख. लाइटवाली तर खूश झाली, "अय्या ताई, आमच्या सगळ्या पेशंटना करून द्या ना." अकरा वर्षांत तिच्या कामाचं कोणी तोंडावर कौतुक केलं असेल तर ते पहिल्यांदा. दोन दिवस पार्टिशनच्या आडून गुणगुणल्याचा आवाज येत होता.

आणि मग ती आठवड्यातून दोनदा जाऊन पडायला लागली. पहिले तीन आठवडे चेहरा लाल, सालं निघतायत, ओठ फुटलेत, काही कळत नव्हतं. आरशात ती बघायचीच नाही. आरशांच्या दुकानात राहून आरशात न बघायची सवय लागायला किती वर्षं लागतात कोण जाणे, पण लागते. चौथ्या आठवड्यात हनुवटी साफ झाली. मग कपाळ. मी म्हटलंही तिला, बरं चाललंय. लाजली चक्क. पाचव्या आठवड्यात एका सकाळी आतली ट्यूब गेली म्हणून ती पुढचं उंच स्टूल घ्यायला आली, नेमकी कपाटावरच्या मोठ्या दिव्याखाली उभी राहिली, मी वर बघितलं, आणि...

आता काय सांगू. कपाळ साफ. हनुवटी साफ. गालांचा खालचा भाग असा गुळगुळीत की हात फिरवावासा वाटावा. आणि डोळ्यांभोवती दोन मोठे गोल, मुरुमांचे, लालबुंद, त्यांना जोडणारी नाकावर पट्टी, आणि दोन्ही बाजूंनी कानापर्यंत गेलेल्या दोन बोटं रुंद दांड्या. माप अचूक. एक फोड कडेच्या बाहेर नाही. उजेड आत जाऊ द्यायचा नाही म्हटल्यावर हिने तो जाऊच दिला नव्हता, त्यामुळं जिथं गॉगल होता तिथं सगळे जंतू सावलीत सुखात. बाईने चष्मा काढला होता आणि तरी चष्मा घातलेला होता.

मी हसलो. हसलो म्हणजे काय, काउंटर धरून खाली बसलो. डोळे तपासणाऱ्या बाई धावत आल्या, त्यांना वाटलं मला झटका आला. मला बोलता येईना, मी नुसतं बोट दाखवत होतो. ती तशीच उभी, हातात स्टूल, "काय झालं दादा? काय झालं?" मग तिने वळून पाहिलं. चोवीस होते समोर, कुठल्याही एकात बघितलं असतं तरी चाललं असतं. स्टूल हळूच खाली ठेवलं तिने, आवाज न करता, आणि आत गेली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंकडे गेली तर त्या म्हणाल्या, "ताई, गॉगल डोळ्यांसाठी असतो, गालांसाठी नाही. इतका नीट कोणी लावत नाही हो." लहान गॉगल लावून आणखी सहा आठवडे, म्हणाल्या. पण मालकांचा दीड महिना आठवड्यावर आलेला, आणि दोन पोरी येऊन जागेची चौकशी करून गेलेल्या. दुसऱ्या दिवशी डबा उघडून नुसती बसली होती. म्हणाली, "राहू दे दादा. बरी आहे मी मागं."

आणि आता ऐका कोणी वाचवलं तिला. मी. मला सुचलं. त्या दोन फ्रेमींपैकी एक मोडली, दुसरी कपाटात होतीच की, जशीच्या तशी. गॉगल ज्या मापाचा, फ्रेम त्याच मापाची, म्हणजे झाकायचं ते सगळं झाकणार. म्हटलं, शून्य नंबरच्या काचा घाल, तपकिरी रंग दे, चढव डोळ्यांवर आणि बस पुढं. तिने रात्रीचं कशाला, त्याच दुपारी काचा रंगवल्या. घातली. आणि तुम्हाला सांगतो, मी बावीस वर्षांत हजारो चेहऱ्यांवर फ्रेमी चढवल्या, पण असं बघितलं नाही. एखादी मोठ्या घरची बाई येऊन उभी राहिल्यासारखी दिसायला लागली. मालक बाहेर आले आणि तिलाच विचारायला लागले, "काय दाखवू बाई आपल्याला?" नंतर ओळखलं तेव्हा म्हणाले, "बस. उद्यापासून पुढं बस. पण तो चष्मा काढायचा नाही हं."

अकरा दिवस बसली ती पुढं. अकराच. रोज डबा खाताना ऐकायचं, बस. "दादा, आज त्या शिवणकामवाल्या आजी आल्या होत्या. चष्मा घातला आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या. एवढी छिद्रं होती होय सुईची, म्हणाल्या." "दादा, आज एक जण घालून बायकोकडे बघायला लागला, आणि बायको म्हणाली, काय बघताय, मीच आहे." आणि हे सांगताना घास हातातच. बरं, गिऱ्हाइकं तर तिच्याभोवतीच. पुरुषसुद्धा. माझ्या काउंटरसमोरून जाऊन तिला विचारायचे, "मॅडम, मला कसा दिसतोय?" आणि ती काय करायची ठाऊक आहे? खरं सांगायची. "हा नाही चांगला दिसत, थांबा, दुसरा देते." आणि माणसं ऐकायची. बावीस वर्षं मी खोटं बोलून घसा कोरडा केला आणि हिने अकरा दिवसांत खरं बोलून विक्री वाढवली. पोटात दुखलं का माझ्या? दुखलं थोडं. माणूस आहे मी.

तर बाराव्या दिवशी दुपारी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. नंबर असा की चष्मा काढला की माणूस आणि भिंत सारखीच. आल्या त्या हिच्याकडे बघतच राहिल्या. "किती छान दिसतेस गं. मला हीच फ्रेम दे, तू घातलीयस ती." ही म्हणाली, "बाई, हा शेवटचा पीस आहे. विकायचा नाही." बाईंनी तोवर स्वतःचा चष्मा काढून ठेवलासुद्धा, हट्टच, "घालून तर बघू दे." दुकानात दुसरं कोणी नव्हतं, मालक आणि डोळे तपासणाऱ्या बाई जेवायला गेलेले. आणि मी... अहो, सवयीचा परिणाम. बावीस वर्षांत गिऱ्हाइकाने मागितलं आणि दिलं नाही असं झालेलं नाही. मी म्हटलं, "अगं, दे की काढून. एवढं काय, घालून बघू दे त्यांना."

तिने माझ्याकडे बघितलं. तपकिरी काचांमागून काय बघितलं ते मला कळलं नाही. मग काढला. बाईंच्या नाकावर स्वतःच्या हाताने ठेवला, दांड्या कानामागं सारख्या केल्या, दोन पावलं मागं सरून बघितलं, कामात असते तसं. "नाकावर जरा सैल आहे बाई, करून देते," म्हणाली. शांतपणे. आणि बाईंना काही म्हणजे काही दिसत नव्हतं, शून्य नंबर ना. म्हणजे बघा, दुकानात तो चेहरा बघणारं एकच माणूस होतं. मी नुसतं खाली बघितलं असतं, पावतीपुस्तक उघडलं असतं, तर काही झालंच नसतं. बाईंनी फ्रेम परत दिली असती, हिने घातली असती, संपलं.

पण मला हसू आलं. चोवीस आरशांत ती चोवीस वेळा दिसत होती हो, मी तरी काय करणार?

बाईंना दिसत नसलं तरी ऐकू चांगलं येत होतं. गर्रकन वळल्या, "काय झालं हसायला?" मी म्हटलं, काही नाही बाई. "मला हसलात?" नाही हो बाई, तुम्हाला नाही. "मग कोणाला?" आणि आता मी काय बोलणार? मी गप्प बसलो, तर माझ्या गप्प बसण्याचा अर्थ दोघींनी आपापल्या परीने लावला. बाईंनी फ्रेम काढून काउंटरवर ठेवली, आपला चष्मा चढवून तरातरा निघून गेल्या. हिने फ्रेम पुसली, चष्म्याच्या घरात ठेवली, घर मिटवलं, आणि माझ्यासमोर सरकवलं. नंतर आत गेली आणि कडी लावली. पार्टिशनला कडी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मी काय गेलो नाही का? गेलो. खिडकीपाशी वाकून म्हटलं, अगं, सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे. लहान गॉगल लावून परत घे तो दिवा, होईल साफ, मालकांना मी सांगतो. मशीन सुरूच. म्हटलं, मी काही वाईट मनाने हसलो नाही, आणि जे बोललो ते तुझ्या चांगल्यासाठीच. मशीन थांबलं. मला वाटलं, आता बोलेल, रडेल, चार शिव्या देईल, मोकळी होईल. तर म्हणाली, "दादा, पुढं जा. काचा मी करते, तोंडं तुम्ही बघा." आणि मशीन सुरू.

दिव्याला जाणं तिने बंद केलं. डबा आतच खाते. आणि मालकांनी बायकांचा काउंटरही माझ्याच गळ्यात मारला, त्या दोन पोरींना नको म्हणून कळवलं, का विचारलं तर भिंतीकडे बघत म्हणाले, "कशाला, आणखी कुणाला हसायचंय तुला?" आता सकाळी नऊपासून दोन्ही काउंटरला मी एकटा, पाय सुजतात, जेवायला बसायला मिळत नाही, पण तक्रार कुणाकडे करणार? कोणीतरी पुढं उभं राहायलाच हवं ना, आणि चेहऱ्याचं म्हणाल तर सध्या दुकानात त्यातल्या त्यात बरा माझाच.